चिंचेने घासलेली बंदूक

ती बंदूक माझी होणार होती. याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही, आणि शेवटी ती ज्याच्याकडे गेली त्याच्या मनातही नसणार.

श्टुटगार्टच्या बाहेर, गेर्लिंगेनच्या आसपासच्या गावांत, त्या काळात छोटी वर्कशॉप एकामागून एक बंद पडत होती. बापाने आयुष्य लेथवर काढलेलं, मुलगा टाय लावून मोठ्या कंपनीच्या ऑफिसात. बाप थकला की वर्कशॉपला कुलूप. ती कुलपं उघडवणं हा माझा धंदा. जुने लेथ, मिलिंग मशीन, ड्रिल घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि कंटेनरमधून कोल्हापूर, चाकण, राजकोटला पाठवायचे. मी आयटीआयचा टर्नर, लेथवर धातू कातणारा. चिंचवडच्या कंपनीने ट्रेनिंगला जर्मनीत पाठवलं, मी तिथेच चिकटलो आणि पुढे नोकरी सोडून हे उभं केलं. कुणी बोट धरून चालवलं नाही. आमच्या भागातले बाकीचे मराठी लोक इंजिनिअर. गणपतीला जमलो की ते एकमेकांना डिपार्टमेंट विचारायचे आणि मला विचारायचे, “काय, भंगार काय म्हणतंय?” मी हसायचो आणि घरी येऊन दारं आपटायचो.

घासाघीस मला येते. मशीनभोवती एक फेरी मारायची, बेडवरून, म्हणजे खालच्या पोलादी पाटावरून, नख फिरवायचं, तोंड कडू करायचं आणि आधी भलत्याच मशीनचं विचारायचं. समोरचा गोंधळला की आपला आकडा सांगायचा. पण डोकं तापलं की हे सगळं विसरतो आणि ओरडतो. जर्मन माणसांना ओरडणं सहन होत नाही. कितीतरी चांगले सौदे मी असे घालवलेत.

एका टेकडीवरच्या गावात एक म्हातारा माइस्टर होता. माइस्टर म्हणजे परीक्षा देऊन उस्ताद झालेला कारागीर. गावात त्याला सगळे याच नावाने हाक मारत. बायको गेलेली, मूलबाळ नाही. वर्कशॉप विकून तो वृद्धाश्रमात राहायला जाणार होता. त्याच्या कामाच्या टेबलाच्या वर, भिंतीत ठोकलेल्या दोन खुंट्यांवर, एक लांबलचक जुनी रायफल आडवी ठेवलेली होती. त्याचे पणजोबा ती घेऊन फ्रान्सच्या लढाईवर गेले होते. बोल्ट ओढायचा, कागदी काडतूस घालायचं आणि चाप दाबला की आतली लांब सुई कागद फोडून थेट दारूत घुसायची. इतकी जुनी, असल्या पद्धतीची बंदूक ठेवायला तिथे परवाना लागत नाही. गावातल्या बैठकीच्या खोल्यांत अशा कितीतरी टांगलेल्या असतात.

तोवर मला या बंदुकांचं वेड लागलेलं होतं. ते लावलं एका दातांच्या डॉक्टरने. रविवारच्या जुन्या बाजारात त्याची माझी ओळख झाली. त्याच्या घरी भिंतभर रायफली होत्या. त्याने मला बघायला शिकवलं. स्क्रूच्या खाचा बघायच्या: कडा सरळ आहेत की पेचकस घसरून बोथटल्यात. सगळ्या भागांवर एकच नंबर आहे का. लाकडावर तपासनिसाने मारलेला मुकुटाचा ठसा बोटाला लागतो का. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे धातूच्या पट्टीशेजारी लाकूड केसभर वर उभं असलं पाहिजे. कारखान्यातून ते तसंच निघतं. कुणी पॉलिश पेपर फिरवला की लाकूड खाली जातं, आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. अशा घासलेल्या बंदुकीला त्या लोकांत एक शब्द आहे, फेरपुट्स्ट. डॉक्टर तो असा उच्चारायचा की जणू कुणाला महारोग झालाय.

माइस्टरची बंदूक मी जवळून पाहिली आणि माझं नेहमीचं कडू तोंड करायचं राहून गेलं. नळीवर जुन्या विहिरीच्या दगडासारखा गडद तपकिरी थर. पितळ काळवंडलेलं. एकही स्क्रू कुणी छेडलेला नाही. आणि दस्त्यावर, जिथे गाल टेकतो आणि जिथे मूठ आवळते, तिथे घामाने काळी, तुळतुळीत झालेली जागा.

“ती विकायची नाही,” माइस्टर म्हणाला. “दातवाला दोनदा येऊन गेला. त्यालाही हेच सांगितलं.”

“आश्रमात ठेवू देतील तुम्हाला?”

“नाही देणार.”

“मग?”

तो लेथकडे वळला. मी लेथ घेतला, ड्रिल घेतलं, खालचं भंगारसुद्धा उचललं. शेवटच्या दिवशी ट्रक भरून झाल्यावर त्याने बंदूक खुंट्यांवरून उतरवली आणि माझ्या हातात दिली.

“नाताळपर्यंत तुमच्या भिंतीवर टांगा. पुसायची नाही, तेल लावायचं नाही. धूळ बसली तर फुंकर मारायची. नाताळात मी बघायला येईन. आहे तशी असली तर तुमची.”

“आणि किंमत?”

“तुम्हाला प्रत्येक गोष्टीची किंमत लागते, युंगर मान,” तो म्हणाला. युंगर मान म्हणजे तरुण माणूस. माझे कानशिलाजवळचे केस तेव्हा पांढरे व्हायला लागले होते.

घरी येताना मी गाडी फार सावकाश चालवली. आयुष्यात घासाघीस न करता मिळणारी ही पहिली वस्तू होती. डॉक्टरला सोडून त्याने मला निवडलं होतं, भंगारवाल्याला. नाताळ चार-पाच महिन्यांवर होता. बंदूक तशीच राहिली की झालं, आणि भिंतीवरच्या वस्तूला तसंच राहायला काय लागतं?

सप्टेंबरात सासूबाई आणि सासरे आले. सासरे तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, सातारच्या बाजूचे. बायको त्यांना आप्पा म्हणते, मीही तेच म्हणायचो. लग्नात आमच्या मांडवात येईल त्या पाहुण्याला ते माझी ओळख करून देत होते, “हे पुण्याला कंपनीत आहेत.” काय आहेत ते सांगत नव्हते. टर्नर हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पुढे मी जर्मनीत गेलो, धंदा केला, घर घेतलं, तरी ते मला जावईबापू म्हणून चहाबरोबर हवापाणी विचारायचे आणि धंद्याचं काहीही विचारायचे नाहीत. मीही त्यांच्याशी कधी आवाज चढवून बोललो नव्हतो. मी कस्टमवाल्यांवर ओरडलोय, बँकेच्या मॅनेजरवर ओरडलोय, बायकोवर तर रोजच. सासऱ्यांशी मात्र मान खाली घालून.

त्यामुळेच बंदुकीला हात लावू नका, हे मी त्यांना स्वतः सांगितलं नाही. जावयाने सासऱ्याला असं तोंडावर कसं सांगायचं? बायकोला म्हणालो, तू सांग. ती त्यांना म्हणाली, “आप्पा, ती बंदूक यांची आहे हं, फार जपतात.” तिच्या मते एवढं पुरेसं होतं.

आणि ऑक्टोबरात खंडेनवमी आली. आप्पांच्या घरी एक जुनी तलवार आहे, आणि नवमीला ती घासून, लख्ख करून, पाटावर ठेवून पूजा करणं हे त्यांच्या घरातलं सगळ्यात मोठं काम. त्या दिवशी ते सासूबाईंनाही तिला हात लावू देत नाहीत. मी त्या आठवड्यात एर्लांगेनला एका बंद झालेल्या वर्कशॉपची मशीन बघायला गेलो होतो. नवमीच्या संध्याकाळी परत आलो तर बैठकीच्या खोलीत उदबत्तीचा वास.

जमिनीवर पांढरी चादर. चादरीवर माझा मायक्रोमीटर, व्हर्निअर, बायकोची भारतातून आणलेली विळी, मुलीचा कर्कटक, गाडीची किल्ली. एका ताटात माझी आयटीआयच्या दिवसांतली टर्निंग टूल्स, जी गॅरेजमध्ये डब्यात पडलेली होती, ओळीने लावून हळदकुंकू वाहिलेली. झेंडू मिळाला नाही म्हणून गार्डन सेंटरमधली पिवळी शेवंती. आणि मधोमध पाटावर ती बंदूक. आरशासारखी. नळी पांढरीशुभ्र, पितळ सोन्यासारखं, दस्ता ताज्या फर्निचरसारखा गुलाबी.

आप्पा धोतरावर स्वेटर घालून बसलेले, बोटांची टोकं काळी.

“या. हातपाय धुवून या,” ते म्हणाले. “तुमच्याच हातून कुंकू लागू दे. हत्यार तुमचं.”

“फार मेहनत घेतली हो त्यांनी,” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “घरातली सगळी चिंच संपवली. आता आमटीला आमसूल घालते.”

“मळ तरी केवढा,” आप्पा म्हणाले. “चिंचेनं निघेना. मग तुमच्या गॅरेजमधला एमरी पेपर घेतला. लाकडाला बारीक पॉलिश पेपर आणि वरून खोबरेल. कुणी निगाच ठेवली नव्हती. चांगल्या घरातलं हत्यार असं काळं ठेवतात का?”

मी हातपाय धुतले. पाटासमोर बसलो, कुंकू लावलं. लावताना बोट पट्टीवरून गेलं. लाकूड खाली होतं. मुकुटाचा ठसा साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखा उरला होता. गालाची जागा नव्हती. मी नमस्कार केला, उठलो आणि काही न बोलता गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो.

बायको मागोमाग आली. “बोला ना काहीतरी. ते वाट बघतायत. दोन-तीन दिवस तेच करत होते, तुम्हाला आवडेल म्हणून.”

“बोललो तर त्यांना ऐकवेल?”

“मग माझ्यावर ओरडा. पण असे गप्प नका बसू. तुम्ही गप्प बसलात की भीती वाटते.”

मी गप्पच बसलो. जेवताना पुरण वाढलं, मी खाल्लं. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना सगळं सांगितलं: माइस्टर, नाताळ, अट, गालाचा डाग. त्यानंतर ते घरात पाहुण्यासारखे राहू लागले. टीव्ही लावू का? खिडकी उघडली तर चालेल का? हा टॉवेल माझाच ना? मी दरवेळी म्हणायचो, “अहो, विचारता काय, घर तुमचंच आहे.” किती सभ्यपणे म्हणायचो.

शनिवारी दातांचा डॉक्टर आला. मी त्याला बोलावलं नव्हतं, तो जाता-जाता डोकावला होता. भिंतीकडे पाहून त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“फेरपुट्स्ट,” तो म्हणाला. “अरेरे.”

“माहीत आहे मला.”

“आल्झो, हे बघा, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. नळी परत तपकिरी करेल. लाकूड रंगवेल, मेणाने भरेल, ठसा नवा मारेल. महिन्याभरात मीही ओळखू शकणार नाही.”

“आणि माइस्टर?”

“त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.”

माझं डोकं फिरलं. आठवडाभर साठलेलं सगळं त्याच्यावर निघालं. म्हणालो, “हे तुमच्या दातांसारखंच झालं. आतून पोकळ, वरून पांढरं.”

“गेनाऊ, अगदी तसंच,” तो शांतपणे म्हणाला. “आणि लोक त्याच दातांनी मजेत जेवतात.”

मी त्याला दार दाखवलं. आप्पा खोलीच्या दारात उभे होते. त्यांना जर्मनचा एक शब्द कळत नव्हता, पण कशावरून चाललंय ते कळलं असणार. माझा खरा आवाज त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

नाताळाची वाट बघण्यात अर्थ नव्हता. रविवारी मी बंदूक दुलईत गुंडाळली. हॉलमध्ये आलो तर आप्पा कोट, मफलर, कानटोपी घालून, बूट बांधून तयार.

“मी येतो,” ते म्हणाले. “मी केलंय, मी सांगतो त्यांना.”

“नको आप्पा, बाहेर थंडी फार आहे.”

“थंडीचं काय घेऊन बसलात.”

“त्यांना मराठी कळत नाही.”

“तुम्ही सांगा ना माझं बोलणं. वयस्क माणूस आहे, मीही वयस्क आहे.”

“कशाला उगाच तुम्हाला त्रास,” मी म्हणालो. “मी बघतो.”

ते खाली बसले आणि बुटाच्या नाड्या सोडू लागले. नाड्या घट्ट बांधल्या होत्या, सुटत नव्हत्या. मी दार ओढून घेतलं.

आश्रमातली माइस्टरची खोली लहान, एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत बायकोचा फोटो. मी दुलई उघडली. त्याने खिडकीकडे तोंड करून बंदूक मांडीवर घेतली. डोळ्यांनी काय दिसलं कोण जाणे; त्याने अंगठा फिरवला, दस्त्याच्या त्या जागेवर. पुन्हा फिरवला. लहानपणी आजोळी गेल्यावर त्याची आजी त्याला आपल्या वडिलांच्या गालाच्या त्या काळ्या डागावर गाल टेकवायला लावायची, असं त्याने मला ट्रक भरताना सांगितलं होतं.

“कुणी केलं?”

“माझ्या बायकोच्या वडिलांनी.”

“का?”

मी सांगायचा प्रयत्न केला. आमच्यात एक दिवस असतो. हत्यारं, अवजारं, कामाच्या सगळ्या वस्तू स्वच्छ करतात. फुलं वाहतात. त्यांचा मान करतात. माझं जर्मन सौद्यापुरतं. मान या शब्दाशी येऊन अडखळलं.

“मान,” तो म्हणाला. “तुमच्या लेथचाही?”

“हो. लेथचाही. टर्निंग टूल्सचा. त्यांनी माझ्या टूल्सनाही…” मी थांबलो. ताटातली ती ओळ मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसली. ज्या माणसाने माझा धंदा कधी तोंडाने उच्चारला नाही, त्याने डबा शोधून, गंज काढून, एकेका टूलला हळद लावली होती. नवमीला खोलीत शिरल्यावर मला फक्त बंदूक दिसली होती.

“मग ते का नाही आले?” माइस्टरने विचारलं.

“त्यांना जर्मन येत नाही.”

“मलाही भारतातलं काही येत नाही. दोघं बसलो असतो इथे.” त्याने खुर्चीकडे हात केला. “मी त्यांना विचारलं असतं, इतके दिवस घासताना त्यांना काय दिसलं ते. माझ्या घरात ती कुणी इतका वेळ हातात धरली नाही.”

मी म्हणालो, पुढच्या रविवारी घेऊन येतो. बंदुकीबद्दल तो एवढंच म्हणाला की ठरलं होतं ते ठरलं होतं; ती आता इथेच राहू दे, भाचा येऊन नेईल. मी घासाघीस केली नाही. करता आली नाही.

पुढच्या रविवारी आप्पा आले नाहीत. त्यांना ताप होता, किंवा आहे असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर त्यांचं विमान होतं. त्याच हिवाळ्यात माइस्टर गेला. मला उशिरा कळलं. भाच्याला बंदुकीत रस नव्हता आणि दातांचा डॉक्टर दुसऱ्याच दिवशी त्याच्या दारात हजर होता.

साधारण वर्षाने शेजारच्या गावात संग्राहकांचं प्रदर्शन होतं, शाळेच्या हॉलमध्ये. डॉक्टरच्या टेबलावर ती होती. गडद तपकिरी. दस्त्यावर गालाशी काळी, तुळतुळीत जागा. मुकुटाचा ठसा खोल. शेजारी छोटं कार्ड: एकाच घराण्यात राहिलेली, उनबेर्युर्ट, म्हणजे हात न लावलेली.

मी भर हॉलमध्ये तोंड सोडलं. आधी जर्मनमध्ये, मग मराठीत. म्हणालो, ही माझ्या घरी चिंचेने घासली गेलीय, हा डाग शाईचा आहे, या माणसाने मेलेल्या माणसाचा गाल पैसे देऊन करवून घेतलाय. लोक जमले. एकाने शांतपणे विचारलं, “पुरावा?” मी बंदूक उचलली, लाकडावर बोट ठेवलं. मेण इतकं सफाईने भरलं होतं की मलाही पट्टीपाशी कड लागेना.

“सगळ्यांना माहीत आहे, ही बंदूक तुम्हाला हवी होती,” डॉक्टर म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. मला दारापर्यंत पोचवण्यात आलं.

घरी आलो आणि फोनकार्ड खरवडून सातारला फोन लावला. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि ही बंदूक खरी कशी होती आणि मग कशी झाली, हे स्वतःच्या हातांनी जाणणारा माझ्या बाजूचा माणूस आता एकच होता. त्यांना सांगणार होतो की चोर आहे तो, तुमची मेहनत झाकून खोटं काळं फासलंय. सासूबाईंनी फोन आप्पांना दिला. मी म्हणालो, “आप्पा, ती बंदूक आज पाहिली. तिला परत पहिल्यासारखं केलंय त्या लोकांनी.” पुढचं वाक्य तोंडात तयार होतं.

“केलं?” ते म्हणाले. “अगदी पहिल्यासारखी?” त्यांचा श्वास ऐकू आला. “माझ्या जिवाला घोर लागून राहिला होता हो. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, आपल्या हातून एका माणसाच्या घरातली वस्तू गेली, आणि जावयाची पण. आता ते डागसुद्धा आलेत का, गालाचे?”

पलीकडे सातारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

“हो आप्पा,” मी म्हणालो. “आलेत. काही फरक नाही.”

“मग बरं झालं,” ते म्हणाले, आणि थोडं थांबून त्यांनी विचारलं की लेथ अजून जातात का कोल्हापूरला, की आता तिकडेही नवीनच घेतात लोक.